अंगकोरला देव उरला नाही म्हणे!

पांथस्थ
परवाच्या एका पोस्टचा सारांश: लेखक कंबोडियातल्या अंगकोर वाट या देवळात गेले, मधल्या शिखराखाली विष्णू दिसला नाही, 'राजाचा खजिना संपला की देवही संपतो' असा साक्षात्कार झाला आणि घरी येऊन त्यांनी पूजा बंद केली. करा, खुशाल करा. पण अहो, पश्चिमेच्या गोपुरातून आत शिरताना उजवीकडे पाहिलंत का? आठ हातांचा, तीन मीटरहून उंच विष्णू उभा आहे तिथे. तिथले ख्मेर लोक, म्हणजे कंबोडियन, त्याला ता रीच म्हणतात. अंगावर पिवळं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्या, फळं. सूर्योदयाच्या फोटोसाठी सगळे तळ्याकडे पळतात, याच्याकडे बघतो कोण! हे देऊळ बांधणाऱ्या राजा दुसऱ्या सूर्यवर्मनाचा 12व्या शतकातला खजिना कधीच आटला, उदबत्ती चालूच आहे.

कातळ
पोस्ट माझीच. ता रीच पाहिला. तिथल्या लोकांसाठी तो जागेचा राखणदार आहे, विष्णू म्हणून त्याला किती जण हात जोडतात? भक्त बदलले तसा देवही बदलला. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे. जवळच्या प्रेआ खान देवळात तर बुद्धमूर्ती छिन्नीने उडवल्यात, 13व्या शतकात शैवांचं पारडं जड झालं तेव्हा. यात देव कुठे दिसतो तुम्हाला?

पांथस्थ
छिन्नी माणसाच्या हातात होती. आणि म्हसोबाची कुळकथा तपासून मग नारळ फोडता का तुम्ही?

वऱ्हाडी_ठसका
दोघंही विष्णूवरच अडून बसलात. तिथे शतकानुशतकं बुद्ध आहे, ती काय देव 'गेल्याची' खूण? आईला घेऊन गेले होते मी. बाकानचा, म्हणजे देवळाच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा जिना बघूनच तिच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून ती खालीच एका बुद्धमूर्तीपाशी टेकली. शेजारी डोकं भादरलेली, पांढऱ्या कपड्यातली एक ख्मेर आजी. आई सवयीने पुटपुटली, 'बुद्धं सरणं गच्छामि'. आजीने चमकून बघितलं आणि पुढची ओळ उचलली! चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण पंचशील संपेपर्यंत दोघी थांबल्या नाहीत. मग आजीने आईच्या मनगटाला लाल दोरा बांधला. आता सांगा काय संपलंय ते.

सातारी_कंदी
छान. पण 37 डॉलरचं तिकीट काढून तिथे हळहळणाऱ्यांनी जरा आपली हेमाडपंती देवळंही बघावीत. घडीव दगडावर गुलाबी ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. अंगकोरच्याच ता प्रोहम देवळात आपलेच भारतीय पुरातत्त्ववाले झाडांची मुळं सांभाळून एकेक दगड बसवतात, इकडे वीरगळीवर कपडे वाळत घालतात.

सरपंचाचा_भाचा
शहरात बसून बोलायला काय जातं. आमच्या देवळाचा मंडप गळायचा, पावसाळाभर महादेवाला फुकटचा अभिषेक. अर्जावर अर्ज केले, एक साहेब येऊन फोटो काढून गेले, संपलं. शेवटी वर्गणी काढली, स्लॅब टाकला, रंग दिला. आता सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला पडकं देऊळ फोटोला हवंय, आम्हाला दिवा लावायला.

सातारी_कंदी
स्लॅबचं एकवेळ समजू शकतो. गुलाबी रंग कुणाच्या स्वप्नात आला? पंढरपुरात 2024 साली गाभाऱ्यात नंतर बसवलेली चांदी-फरशी काढली, जुना दगड उघडा झाला. गर्दी हटली का?

सरपंचाचा_भाचा
पंढरपूरला निधी मिळतो हो. आम्हाला रंगाचा डबाच परवडतो. आणि गुलाबी नाही, अबोली आहे.

सातारी_कंदी
अबोली! मग काय, जागतिक वारसाच.

कातळ
धागा माझ्या श्रद्धेचा होता, रंगकामाचा नाही.

वऱ्हाडी_ठसका
श्रद्धा नाही ना? मग पहाटे उठून शिखरामागचा सूर्य बघायला कशाला गेलात?

कातळ
पॅकेजमध्ये होतं. तुमच्या आईंचा किस्सा मात्र आवडला, तेवढं मान्य. आणि घरची पूजा बायकोने हातात घेतली आहे, मी फक्त फुलं आणून देतो. लगेच टाळ्या पिटू नका.

पांथस्थ
पिटत नाही. पण फुलं रोज आणता?

कातळ
बाजार वाटेवरच आहे.

सरपंचाचा_भाचा
@सातारी_कंदी, एवढी कळकळ आहे तर ब्रश आणि पेंट रिमूव्हर घेऊन या एखाद्या रविवारी. खरवडायचं तुम्ही, जेवण गावाकडून. सोमवार सोडून.