बार्बारोसाठी रडणं म्हणजे ढोंग का?

काठावरची
२००६च्या मे महिन्यात बार्बारो या घोड्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत साडेसहा लेंथने, म्हणजे साडेसहा घोड्यांच्या लांबीने मारली. तोवर सहा शर्यती आणि सहाही जिंकलेल्या. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर प्रीकनेस ही पुढची मोठी शर्यत सुरू झाली आणि सुरुवातीलाच, भरल्या स्टँडसमोर, त्याचा मागचा उजवा पाय मोडला. जॉकी एडगर प्राडोने त्याला कसंबसं आवरलं, खाली उतरला आणि त्याला धरून उभा राहिला. घोडा तो पाय टेकवायला बघत होता आणि पाय भलतीकडेच वळत होता. पुढे आठ महिने पेन्सिल्वेनियातल्या न्यू बोल्टन सेंटर या जनावरांच्या इस्पितळात उपचार झाले. लोक सफरचंदं, गाजरं, फुलं, पत्रं पाठवत राहिले. २९ जानेवारी २००७ला त्याला दयामरण दिलं.

आता हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "आधी चाबूक मारून पळवायचं, मग पुतळा उभारायचा. नक्राश्रू नुसते!" मला हे पटत नाही. पहाटे उठून घोड्याच्या पायावरून हात फिरवत कुठे गरम लागतंय का ते बघणारा, पट्ट्या बांधणारा, कुठल्या कुशीला खाजवलं की तो सुखावून मान सैल सोडतो हे माहीत असणारा माणूस रडला तर ते ढोंग कसं? आणि टीव्हीवर दोन मिनिटं बघून जीव लावणाऱ्याचंही मी खोटं मानणार नाही. जीव लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

टाचणी
मोतद्दाराचं दुःख खरं, मान्य. त्याला कोण ढोंगी म्हणतंय? पण तुम्ही त्याच्या आडून बाकीच्यांना सोडवताय. तिकीट कोण काढतं, पैसे कोण लावतं? २००८च्या डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली, अंतिम रेषा ओलांडल्यावर पुढचे दोन्ही घोटे मोडून कोसळली आणि तिथेच मैदानावर तिला मारावं लागलं. आज त्याच चर्चिल डाउन्सवर, म्हणजे डर्बीच्याच मैदानावर, तिच्या नावाची शर्यत होते, तिच्याच वयाच्या घोड्यांची. पळताना गेली तिच्या स्मरणार्थ आणखी पळवायच्या! याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

रेसवेडा
शर्यती नसत्या तर थरोब्रेड ही शर्यतीच्या घोड्यांची जातच नसती. बार्बारो जन्मलाच नसता. शिवाय मोकळ्या कुरणातही घोडे पाय मोडून घेतात.

टाचणी
जन्माला आम्ही घातलं म्हणून मोडायचा हक्कही आमचाच, असं का? कुरणात एक लाखावर प्रेक्षक नसतात, रेसवेडा.

नालबंद
मी घोड्यांचा डॉक्टर आहे, शर्यतीच्या घोड्यांचा नाही. भांडणात पडत नाही, पण "साध्या फ्रॅक्चरसाठी मारतात" हा समज आधी काढा. घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, हाड, स्नायुबंध आणि कातडी. रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे जखम भरायला वेळ आणि जंतुसंसर्गाची भीती. माणसासारखं त्याला महिनोन्महिने आडवं ठेवता येत नाही, स्वतःच्याच वजनाने फुप्फुसं आणि स्नायू दबतात. उभं ठेवलं तर सगळा भार उरलेल्या पायांवर.

बार्बारोचं तेच झालं. तिथले शल्यविशारद डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि २७ स्क्रू घालून मोडलेला पाय बांधला. पण जुलैत मागच्या डाव्या, म्हणजे धड असलेल्या पायाला लॅमिनायटिस झाला. यात खुराच्या आतलं हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारा थर सुटत जातो. त्या खुराचा बहुतेक भाग कापून काढावा लागला. जानेवारीत पुढच्या दोन्ही पायांनाही तेच झालं. मोडलेल्या हाडाने त्याला मारलं नाही, उरलेल्या पायांनी मारलं.

आणि १९७५ची रफियन आठवा, शर्यतीत पाय मोडलेली घोडी. भुलीतून उठताना ती इतकी तडफडली की शस्त्रक्रियेचं सगळं वाया गेलं, तिलाही मरण द्यावं लागलं. बार्बारोला तराफ्यात घालून पाण्याच्या टाकीत शुद्धीवर आणलं, पाय आपटायला जमीनच लागू नये म्हणून.

उंबरा
डॉक्टर, मग सरळच विचारते. आठ महिने हे त्याच्यासाठी होतं की मालकांसाठी? एट बेल्सला काही मिनिटांत सोडवलं, याला मात्र खूर कापेपर्यंत ताणलं. डर्बी जिंकलेला घोडा पैदाशीला किती मोलाचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, म्हणजे त्याला मागच्या पायांवर उभं राहता येणं भागच. मला तर सगळ्या पत्रांपेक्षा हाच हिशेब मोठा वाटतो.

नालबंद
दोन्ही घोड्यांची तुलना करू नका. तिचे पुढचे दोन्ही पाय गेले होते, पर्यायच नव्हता. याच्या मधल्या काळात बरे दिवस होते, बाहेर गवत खायला नेत असत. मोलाचा विचार मनात आला नसेल असं मी म्हणणार नाही. पण नुसता हिशेबच असता तर जुलैतच संपवला असता. आणि या घोड्यामुळे लॅमिनायटिसच्या संशोधनाला पैसा आला, हे आमच्या धंद्यात कोणी विसरत नाही.

काठावरची
उंबरा, जानेवारीत त्रास हाताबाहेर गेल्यावर त्यांनी थांबवलं, हेही धरा ना. त्याच्या अस्थी चर्चिल डाउन्सच्या फाटकाबाहेर पुरल्या आहेत, म्हणजे भेटायला येणाऱ्याला तिकीट काढावं लागत नाही. मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

टाचणी
फाटकाबाहेर अस्थी, फाटकाच्या आत २०२३च्या वसंतात बारा घोडे मेले. शेवटी तिथल्या शर्यती दुसऱ्या मैदानावर न्याव्या लागल्या. त्यातल्या किती जणांची नावं तुम्हाला येतात, ताई? दुःखही जिंकणाऱ्याच्याच वाट्याला येतं.

रेसवेडा
अर्धंच सांगू नका. अमेरिकेत २००९ साली घोडे शर्यतीत हजारदा उतरले की त्यामागे २.०० दगावत होते, २०२२ला १.२५. आकडा उतरलाय तो लोक रडले, ओरडले म्हणूनच. २०२२पासून बहुतेक राज्यांत एकच सुरक्षा नियमावली आली, चाबकाच्या फटक्यांवर मर्यादा आली.

टाचणी
१.२५ला टाळ्या वाजवू?

नालबंद
टाळ्या नकोत, पण एक लक्षात घ्या. असे बरेच फ्रॅक्चर आभाळातून पडत नाहीत, त्या जागी आधीच बारीक भेगा पडलेल्या असतात. २०१९ला कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर घोडे मेल्यावर तिथे उभ्या घोड्याच्या घोट्याचं पेट स्कॅन करायचं यंत्र बसवलं. साध्या एक्सरेत न दिसणारं त्यात दिसतं. भांडायचंच तर प्रत्येक मोठ्या शर्यतीआधी हे सक्तीचं करा म्हणून भांडा.

उंबरा
स्कॅनमध्ये डाग दिसला तर डर्बीच्या आठवड्यात घोडा मागे घेणारा मालक मला दाखवा. सक्ती मालकावर नको, मैदानावर हवी. स्कॅन नाही तर फाटकात प्रवेश नाही.

रेसवेडा
याला मात्र माझा पाठिंबा. खर्च पैजांच्या गल्ल्यातून कापा.

टाचणी
चला, आज पहिल्यांदा रेसवेड्याशी जमलं. बाकीच्या मुद्द्यांवर उद्या भांडू.