पीएस५ वर ऑनलाइन खेळायचंय: घरी कोणतं कनेक्शन घ्यावं आणि किती एमबीपीएसचं?

अजिंक्यतारा_४१५

सातारा शहरात घरी नवीन इंटरनेट घ्यायचं आहे. मुख्य कारण पीएस५ (प्लेस्टेशन ५): ईए एफसी हा फुटबॉलचा आणि कॉल ऑफ ड्यूटी हा नेमबाजीचा गेम, रोज रात्री ९ ते ११. त्याच वेळेला घरात टीव्हीवर फोर-के सिनेमा, एक ऑफिसचा व्हिडिओ कॉल आणि चार मोबाइल चालू असतात.

तीन पर्याय आहेत. पहिला, गल्लीतल्या केबलवाल्यांचं 'फायबर', १०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. दुसरा, मोठ्या कंपनीचं फायबर, त्यात ४०, १०० आणि ३०० असे प्लॅन. तिसरा, ५जी एअरफायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारं नेट, गच्चीवर डबा बसवून दुसऱ्या दिवशी चालू करून देतात.

३०० घेतलं तर गेम जास्त स्मूथ चालेल का? केबलवाले म्हणतात आमचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, सगळ्यात कमी. पैसे भरण्याआधी हे तपासायचं कसं?

फायबरवाला_पुणे

३०० ने गेम स्मूथ होणार नाही. सामना चालू असताना कन्सोल आणि सर्व्हर एकमेकांना कोण कुठे आहे, कुठलं बटण दाबलं, एवढंच कळवतात. चित्र तुमच्या पीएस५ मध्येच तयार होतं. त्यामुळे नुसत्या खेळाला एक-दोन एमबीपीएस पुरतात. मायक्रोसॉफ्टसुद्धा एक्सबॉक्ससाठी किमान ३ एमबीपीएस डाउनलोड आणि अर्धा एमबीपीएस अपलोड इतकंच सांगते.

मोठा वेग उपयोगी पडतो तो गेम उतरवताना. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर साडेपाच तास घेतो, १०० वर सव्वादोन तास, ३०० वर पाऊण तास, आणि तेही पूर्ण वेग मिळाला तर. कॉल ऑफ ड्यूटीचे अपडेट मोठे असतात, पण पीएस५ रेस्ट मोडमध्ये इंटरनेटला जोडलेला राहील अशी सेटिंग केली की ते रात्रीत उतरतात. फोर-के सिनेमाला १५ ते २५, व्हिडिओ कॉलला ४, मोबाइल धरून तुमच्या घराची रात्रीची गरज ५० च्या आसपास. १०० एमबीपीएस घ्या, पण अपलोडही १०० आहे का ते विचारा. फायबरवर सहसा असतो.

आता पिंग. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सातारा ते मुंबई रस्त्याने अडीचशे किलोमीटर धरा, अडीच-तीन मिलिसेकंद झाले. मधली यंत्रं धरून चांगल्या फायबरवर मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग ८ ते १५ यायला हवा. तो ४० च्या वर येत असेल तर कंपनी तुमचा डेटा दिल्ली किंवा चेन्नईवरून फिरवत असण्याची शक्यता मोठी. सिंगापूरचा सर्व्हर असेल तर ६० ते ८० चांगला समजा. त्यापेक्षा फार कमी कुणीही देऊ शकत नाही, अंतरच तेवढं आहे. आणि सिंगापूरला २०० च्या वर पिंग दिसला तर रस्ता युरोपमार्गे गेलाय असं समजा. हे तुमच्या राउटरमध्ये कधीच दुरुस्त होणार नाही, कंपनीनेच रस्ता बदलावा लागतो.

सरासरीपेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा. पिंग ४० असून प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) ३८ ते ४२ च्या आत येत असेल तर ईए एफसी व्यवस्थित चालतो. सरासरी २० पण मधेच १२० वर उडी मारत असेल, तर पास दिल्यावर खेळाडू अडकल्यासारखा वाटतो आणि नेमबाजीत आडोशामागे गेल्यावरही गोळी लागते. या उड्यांना जिटर म्हणतात. वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचं प्रमाण १ टक्का झालं तरी खेळताना जाणवतं.

तपासायचं असं: इमारतीत किंवा गल्लीत ज्यांच्याकडे तेच कनेक्शन आहे त्यांच्याकडे रात्री साडेनऊला लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. वाय-फायवर केलेली चाचणी धरू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग १.१.१.१ -एन २००' अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. शेवटी किमान, कमाल, सरासरी आणि हरवलेली पॅकेटं दिसतात. कमाल आणि किमान यांत १० च्या आत फरक आणि हरवलेली शून्य, तर लाइन उत्तम. तीच चाचणी सकाळी सातलाही करा. सकाळी छान आणि रात्री वाईट असेल तर केबलवाल्यांनी बँडविड्थ कमी घेऊन गिऱ्हाईकं जास्त जोडली आहेत.

एअरफायबरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फायबर मिळत असेल तर गेमिंगसाठी एअरफायबर घेऊ नका. टॉवरच्या एका सेक्टरवर बरीच घरं आणि मोबाइल असतात. अपलोड पाठवायला तुमच्या डब्याला आपली पाळी यावी लागते, सिग्नल बिघडला की पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून स्पीड टेस्टमध्ये १०० दिसूनही रात्री जिटर वाढतो. महिन्याची डेटा मर्यादाही फायबरपेक्षा कमी असते, ती नोंदणीआधी विचारा. जिथे फायबर येतच नाही तिथे मात्र हाच पर्याय, आणि तेव्हा गच्चीवरचा डबा टॉवरच्या थेट दिशेला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला न येता बसवून घ्या.

नॅट_टाइप_२

वरचं सगळं बरोबर, पण केबलवाल्यांना अजून एक प्रश्न विचारायचा राहिला: पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर फक्त आपल्या घराचा असा पत्ता, मिळेल का?

छोटे पुरवठादार बहुतेक वेळा शंभर-दोनशे घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं म्हणजे नॅट, आणि ते असं पुरवठादाराकडे झालं की त्याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या कंपन्याही देतात, एअरफायबरवर तर हे धरूनच चाला. सामना बहुधा लागतो, पण पार्टी चॅटमध्ये एखाद्याचा आवाज येत नाही, मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही, कॉल ऑफ ड्यूटीत नॅट 'स्ट्रिक्ट' दिसतो आणि सामना शोधायला वेळ लागतो.

ओळखायचं असं: राउटरच्या पानावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ वर, वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होत असेल तर सीजीनॅट आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले (बाहेरून येणारा डेटा कन्सोलकडे वळवला) तरी उपयोग शून्य, कारण दरवाजा पुरवठादाराच्या यंत्रावर बंद आहे. स्टॅटिक (कायमचा पब्लिक) आयपी मागा. त्याचे वेगळे पैसे पडतात. मात्र पीएस५ च्या नेटवर्क चाचणीत नॅट टाइप २ (१ सगळ्यात मोकळा, ३ सगळ्यात बंदिस्त) येत असेल आणि आवाज, लॉबी सगळं चालत असेल, तर ते पैसे वाचवा. टाइप १ साठी धडपडण्याची गरज नाही. टाइप ३ आला तरच हालचाल करा.

टाइप ३ चं दुसरं कारण घरातच असतं: कंपनीचा डबा राउटर म्हणून चालू आणि त्याच्यापुढे स्वतःचा राउटर. पत्ता दोनदा बदलला जातो. उपाय दोन. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ता न बदलता फक्त वाय-फाय देईल, हे दोन मिनिटांचं काम आहे. किंवा कंपनीकडून डबा ब्रिज मोडमध्ये (डेटा नुसता पुढे सोडणारा) करून घ्या आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. ब्रिज केल्यावर डब्याला जोडलेला लँडलाइन फोन किंवा टीव्ही बंद पडू शकतो, ते आधी विचारून घ्या.

पब्लिक आयपी असेल तर यूपीएनपी (कन्सोलला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी राउटरमधली सोय) चालू ठेवलं की पुरतं. ते नीट चाललं नाही तरच हाताने पोर्ट उघडा: पीएस५ ला राउटरमध्ये कायमचा अंतर्गत पत्ता राखून द्या, मग टीसीपी ३४७८ ते ३४८०, यूडीपी ३४७८ आणि ३४७९, कॉल ऑफ ड्यूटीसाठी यूडीपी ३०७४. पत्ता राखून ठेवला नाही तर लाइट जाऊन आल्यावर कन्सोलला दुसरा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंग भलत्याच मोबाइलकडे जातं.

अजिंक्यतारा_४१५

केबलवाल्यांना विचारलं. फायबर गच्चीवरच्या बॉक्सपर्यंत येतं, तिथून घरात लॅन केबल. मोठ्या कंपनीचं फायबर थेट घरात येतं, पण डबा दाराशेजारी बसवणार म्हणतात. तिथून टीव्ही १० मीटर, मधे दोन भिंती. वाय-फायवर चालेल की रिपीटर लावू?

तांब्याची_तार

गच्चीवरून लॅन केबल येत असेल तर ते कनेक्शन या कामासाठी मागे ठेवा. बॉक्समधल्या स्विचला बॅकअप नसेल तर घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट गेलं. आणि वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की गच्चीवरच्या तांब्याच्या तारेतून झटका खाली येतो, स्विचचं पोर्ट, राउटर आणि कधी कधी कन्सोलचं लॅन पोर्टही जातं. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

मोठ्या कंपनीचं घ्या आणि बसवायला येतील त्याच दिवशी सांगा, डबा टीव्हीपाशी हवा. फायबर १० मीटर पुढे नेणं त्यांच्यासाठी अवघड नाही, वायर नंतर हलवायला मात्र वेगळे पैसे आणि चकरा. वायर कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका, मोठं वळण द्यायला लावा. स्टेपल गन तर नकोच. टोकाचं कनेक्टर हिरवं असेल तर हिरव्यातच जायला हवं, निळ्यात घातलं की प्रकाश वाया जातो. काम झाल्यावर डब्याच्या पानावर किंवा वायरमनच्या मीटरवर येणारी ऑप्टिकल पॉवर (प्रकाशाची ताकद) बघून घ्या. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर छान. उणे २७ च्या पुढे गेली की लाइन अधूनमधून तुटते आणि डब्यावर लाल दिवा लागतो.

टीव्हीपाशी अजिबात जमत नसेल तर लॅन केबल ओढा. कॅट ६, शुद्ध तांब्याची, १५ मीटर घ्या म्हणजे वळणांना पुरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, पुड्यावर सीसीए लिहिलेलं असतं. ती घेऊ नका, क्रिम्पमध्ये (टोकाचा प्लग दाबून बसवतात तिथे) तार मोडते आणि काही महिन्यांत पॅकेटं हरवायला लागतात. विजेच्या वायरच्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. दोन्ही टोकांना टी५६८बी रंगक्रम. आठही तारा नीट बसल्या तर १ जीबीपीएसची जोडणी मिळते, एखादी सुटली की १०० एमबीपीएसवर येते. काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, तो कन्सोलला द्या.

वाय-फायवरच राहायचं असेल तर पीएस५ ला ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. इंटरनेट कनेक्शन बसवण्याच्या पानावर ऑप्शन्स बटण दाबलं की बँड निवडता येतो. राउटरमध्ये ३६ ते ४८ पैकी चॅनेल निश्चित करा. एका भिंतीपलीकडे ठीक, ९ इंची विटांच्या दोन भिंतींपलीकडे नाही. रिपीटर गेमिंगसाठी टाळा: तो तेच पॅकेट ऐकून पुन्हा हवेत सोडतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि जिटर वाढतो. मेश (मिळून एकच वाय-फाय देणारे दोन-तीन डबे) घेतलं तरी दोन डबे एकमेकांना केबलनेच जोडा.

रांगेतलं_पॅकेट

एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि या घरात तीच नडेल. पिंग एकटा असताना १२, पण मोबाइलमधले फोटो बॅकअपला लागले की २००. कारण राउटर जास्तीचा डेटा फेकून न देता रांगेत साठवतो आणि गेमचं छोटं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडला हे जास्त होतं. क्लाउडवर रेकॉर्ड करणारा सीसीटीव्ही असेल तर दिवसभर होतं.

तपासायला लॅपटॉपवर वरचीच पिंगची आज्ञा चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग ३० पेक्षा जास्त वाढला तर उपाय हवा. कंपनीच्या डब्यात तो सहसा नसतो. एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असलेला राउटर लागतो, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा कोणताही चालेल. त्यात केक ही रांग-पद्धत निवडा आणि मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के टाका, १०० च्या लाइनवर ८८ वगैरे. थोडा वेग सोडायचा, बदल्यात रांग तुमच्या ताब्यात येते. राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल तर ३०० वर एसक्यूएम पेलत नाही. हेही १०० चा प्लॅन घेण्याचं एक कारण. राउटर घ्यायचा नसेल तर फोटो बॅकअप रात्री उशिरा, फक्त चार्जिंगवर असताना, असं लावून ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

डीएनएस बदलून पिंग कमी होतो असे व्हिडिओ फिरत असतात. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो, सामना सुरू झाल्यावर त्याचं काम संपलेलं असतं.

फायबरवाला_पुणे

बरोबर. लोडशेडिंगचंही आत्ताच बघून घ्या. डब्याच्या ॲडाप्टरवर बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर लिहिलेलं असतं. मिनी यूपीएस घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. कमी अँपिअरचा लावला की डबा वाय-फायवर भार आला की स्वतःहून बंद-चालू होतो आणि माणूस लाइनला दोष देत बसतो.

पैसे पहिल्यांदा एकाच महिन्याचे भरा, सहा महिन्यांची सूट गेली तरी चालेल. त्या महिन्यात शनिवार-रविवार रात्रीची आणि एका जोरदार पावसाच्या दिवसाची चाचणी लिहून ठेवा. आकडे चांगले आले तर पुढचा हप्ता मोठा घ्या. वाईट आले तर तक्रार करताना 'नेट स्लो आहे' असं सांगू नका, कॉल सेंटर स्पीड टेस्ट करायला लावून तक्रार बंद करतं. तारीख, वेळ, केबलने जोडलेला लॅपटॉप, हरवलेली पॅकेटं किती टक्के आणि ट्रेसरूटमध्ये (सर्व्हरपर्यंतचे टप्पे दाखवणारी आज्ञा) कुठल्या टप्प्यापासून पिंग वाढतो, हे लिहून पाठवा. पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे तुमच्या राउटरवरच वाढत असेल तर दोष घरातला, दुसऱ्यावर असेल तर गल्लीतल्या लाइनचा, त्यापुढे असेल तर कंपनीच्या रस्त्याचा. मधल्या एखाद्याच टप्प्यावर आकडा मोठा आणि पुढे पुन्हा लहान दिसत असेल तर ते सोडून द्या, ते यंत्र फक्त उत्तर उशिरा देतंय.