शब्दचर्चा : शंकू, शंख आणि परार्ध

तासगावकर : गणित प्रदर्शनाच्या फलकावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या अक्षरी लिहायची आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, अशी ६४ घरांची ही बेरीज. एका यादीप्रमाणे १८४ शंख होतात, दुसरीप्रमाणे १८ लाख ४४ हजार ६७४ शंकू. खरे कोणते?

मिरजकर : दोन्ही खरे, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संज्ञा दसपटीने चढतात : कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. तिथे शंकू म्हणजे एकावर १३ शून्ये आणि परार्ध म्हणजे १७. हिंदीतली अरब, खरब, नील, पद्म, शंख ही माळ मात्र शंभरपटीची. तिच्यातला शंख एकावर १७ शून्यांचा, म्हणजे आपला परार्धच. शंकूच्या जागी शंख लिहिला की संख्या दहा हजारपट फुगते.

याहून फसवी चूक खर्वाची. लीलावतीत अब्जानंतर लगेच खर्व येतो, म्हणजे दशअब्ज आणि खर्व हे एकाच स्थानाचे नाव. 'अब्ज, दशअब्ज, खर्व' असे ओळीने मोजले की तिथून पुढची सगळी स्थाने एका शून्याने सरकतात. हिंदी खरबात ११ शून्ये आहेत, खर्वात १०. उच्चार जवळचे असल्याने ही सरकासरक कुणाच्या लक्षातच येत नाही.

कराडकर : फलकापुरती मी कोटीचीच वाट सुचवेन. उजवीकडून सात-सात अंक तोडा : १८४४६७ | ४४०७३७० | ९५५१६१५. वाचन असे : एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी-कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंचाण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. हळदीच्या पेठेतल्या दिवाणजींनाही हे सहज समजेल. स्वल्पविराम मात्र उजवीकडचे तीन अंक सोडून दोन-दोनवर : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वाईकर : 'परार्ध' वापरणार असाल तर शेजारी 'एकावर १७ शून्ये' लिहाच. संकल्पात गुरुजी 'द्वितीये परार्धे' म्हणतात तो परार्ध निराळा : ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग. दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्र तेवढीच, वर्ष ३६० दिवसांचे, आयुष्य १०० वर्षे. निम्मे केले की १,५५,५२,००० कोटी वर्षे. अंकगणितातला परार्ध याच्या सुमारे ६४३ पट. शब्द एकच, म्हणून पूजेतला अर्थ गणितात आणू नये.

तासगावकर : आभारी आहे. संख्या फलकावर बरोबर उतरली का, हे कसे ताडून पाहावे?

मिरजकर : अंकांची बेरीज ८७ आली पाहिजे. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, संख्येचेही तसेच. दोन अंकांची अदलाबदल मात्र या बेरजेत सापडणार नाही, म्हणून अवयवांनी तपासा : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सातही मूळ संख्या, एकही दोनदा नाही, म्हणून एकूण विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८. यातले ६४१ मला फार आवडते. वरच्या ६४१ आणि ६७००४१७ चा गुणाकार ४२९४९६७२९७. ही संख्या मूळच असणार असे गणितज्ञ फर्माला वाटत होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले.

हा गुणाकार एक्सेलमध्ये करू नका. तिथे १५ अंकच टिकतात, पुढे शून्ये भरली जातात. शेवटचा ५ जाऊन ० येतो आणि विषम संख्या सम दिसते. नुसती लिहून ठेवायची असेल तर अंक भरण्याआधी त्या चौकटीचा प्रकार 'मजकूर' करा. गुणाकार कागदावरच करा.