मदत हवी आहे : जलपर्णीच्या तलावात मरळीसाठी बासची साधने कशी वापरावीत?

नमस्कार.

मी भुसावळला राहतो आणि गेली बारा वर्षे रावेर तालुक्यातील एका पाझर तलावावर सवडीने गळ टाकतो. तलावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचा मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे आहे. मला त्यांनी आपुलकीने परवानगी दिली आहे आणि माझ्या लिहिण्यामुळे तिथे गर्दी व्हावी, अशी माझी इच्छा नाही. प्रश्न मरळीचा आहे, पण साधने मात्र अमेरिकेतील बास माशासाठी बनवलेली आहेत, आणि अडचणीचे मूळ तिथेच असावे, असा माझा संशय आहे.

आधी पाण्याविषयी सांगतो. दिवाळीनंतर तलावात दहा-अकरा फूट पाणी असते, ते वैशाखात चार-पाच फुटांवर येते. एक तृतीयांश भाग जलपर्णीने झाकलेला आहे, मधे कमळे आहेत, काठाला पाणकणीस आहे आणि पाण्याखाली हायड्रिलाचे दाट रान आहे. वारा सुटला की जलपर्णीचा सगळा थर पूर्वेच्या काठाला जाऊन चिकटतो आणि आदल्या दिवशी हेरून ठेवलेली मोकळी जागा दुसऱ्या दिवशी सापडत नाही. गेल्या आठवड्यात साध्या तापमापीने मोजले, तेव्हा उथळ पाणी पहाटे २८ अंश आणि दुपारी दोन वाजता ३३ अंश सेल्सिअस होते.

गेल्या दिवाळीत फ्लोरिडाहून आलेल्या भाच्याने मला सात फूट तीन इंचांची कडक काठी, ७.३:१ गुणोत्तराचे (मूठ एकदा फिरवली की गरारी ७.३ वेळा फिरते असे) बेटकास्टिंग रीळ, ५० पौंडी विणलेला दोरा आणि पोकळ रबरी बेडूक असा संच आणून दिला. (त्या दोऱ्याला तिकडे ‘ब्रेड’ म्हणतात; घरी तो शब्द उच्चारला की हसू होते, म्हणून मी विणलेला दोराच म्हणतो.) तो ओकीचोबी सरोवरात अशाच वनस्पतींमध्ये बास पकडतो. गंमत अशी की, तिथे ज्या हायड्रिलाने उच्छाद मांडला आहे ती मूळची आपल्या बाजूची, आणि आपल्याकडे ज्या जलपर्णीने तलाव गिळले ती दक्षिण अमेरिकेची. देवाणघेवाण चोख झाली आहे.

पूर्वी मी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि साधा गळ वापरत असे. जिवंत बेडूक गळाला टोचणे मला कधीच जमले नाही, त्यामुळे रबरी बेडूक मिळाल्याचा आनंद खरा होता. या बेडकाच्या दुहेरी गळाची टोके पाठीला चिकटून वर वळलेली असतात, म्हणून तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मासा चावला की पोकळ अंग दबते आणि टोके उघडी पडतात. निदान तसे व्हायला हवे.

प्रत्यक्षात घडते ते असे. गेल्या रविवारी पहाटे कमळाच्या पानावर बेडूक थांबवला होता. शेजारचे पान खालून किंचित उचलले गेले, क्षणभर सगळे स्तब्ध झाले आणि मग ‘गुळुप’ असा, विहिरीत नारळ पडावा तसा आवाज होऊन बेडूक दिसेनासा झाला. मी तत्काळ हिसका दिला आणि बेडूक सणसणत माझ्याच खांद्यावरून मागे बाभळीत गेला. त्या सकाळी नऊ झडपा आल्या, त्यांपैकी सात अशाच गेल्या. उरलेल्या दोनपैकी एक मरळ काठावर आली, साधारण दीड किलोची. दुसरी कमळाच्या देठांत शिरली आणि मी पाच मिनिटे जोर लावूनही हलली नाही, शेवटी गळ सरळ होऊन बाहेर आला.

भाच्याला फोनवर विचारले, तेव्हा त्याने तीन गोष्टी सांगितल्या : झडप आल्यावर लगेच हिसका देऊ नये, दुपारी मासा जाड थराखाली सावलीत जातो, म्हणून तेव्हा एक ते दीड औंसाचे टंगस्टनचे वजन लावून रबरी किडा थर भेदून खाली सोडावा, आणि पाण्याचे तापमान पाहून जागा ठरवावी. ही सूत्रे बासपुरती बरोबर असतील यात शंका नाही, परंतु मरळीला ती जशीच्या तशी लागू पडतात का, हाच माझा मुख्य प्रश्न आहे. बास विणीसाठी वसंतात उथळ पाण्यात येतो, मरळ मात्र आपल्याकडे पावसाळ्यात पिले घालते. बासला पाण्यात विरघळलेला प्राणवायूच हवा असतो, तर मरळ पृष्ठावर येऊन हवा गिळते, आणि तिला तसे करू दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरते. इतका फरक असताना दुपारची जागा दोघांची एकच कशी असेल?

वजन लावून थर भेदण्याचा प्रयोग मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा किड्याऐवजी शेणाच्या पाटीइतकी जलपर्णी ओढून आणली. हलका बेडूक फेकताना रिळावर होणारा गुंता हा वेगळा विषय आहे. तो सरावाने सुटेल, असे धरून चालतो. झडपेनंतर नेमके किती थांबावे, देठांत शिरलेली मरळ बाहेर कशी काढावी आणि वैशाखातल्या दुपारी काठावरून काही करता येते की घरी झोपलेले बरे, एवढे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे होडी नाही.

— तापीकाठ

प्रतिसाद १

तुमचा संशय रास्त आहे. साधने तीच चालतील, पण वेळापत्रक मरळीचे हवे. मी हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, बरीच वर्षे हेच करीत आलो आहे.

थांबण्याचे गणित आकड्यात सांगता येत नाही, कारण डोळ्यांना जे दिसते त्यावर हात चालतो आणि चूक तिथेच होते. आवाज आला की काठीचे टोक पाण्याकडे झुकवा, ढिला दोरा गुंडाळून घ्या, आणि दोरा स्वतःहून बाजूला सरकू लागला किंवा हाताला वजन जाणवले, तरच हिसका द्या. हिसका मात्र पूर्ण ताकदीने द्या; मरळीचा जबडा हाडाचा असतो, बासच्या तोंडावर भागते तेवढ्या जोरात इथे भागत नाही. दुसरे असे की, नव्या बेडकाचे गळ पाठीला फार घट्ट बसवलेले असतात. पकडीने दोन्ही टोके किंचित बाहेरच्या बाजूला वाकवा, अगदी थोडीशीच, नाहीतर प्रत्येक देठाला अडकतील. मागच्या रबरी झालरीचे पाय लांब असतील तर निम्मे कापा. लहान मरळी पायच धरून ओढतात, आणि तुमच्या सात झडपांपैकी दोन-तीन तरी त्यांच्या असाव्यात. बेडकाच्या अंगात पाणी शिरले आहे का, तेही दर काही फेकींनंतर दाबून पाहा. पाणी भरलेला बेडूक जड होऊन शेपटीवर बुडतो आणि चावल्यावर नीट दबत नाही.

देठांत शिरू न देणे हाच उपाय आहे. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा सुटू देणारा रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळा, हिसका बसताच काठी वर ठेवून न थांबता रीळ फिरवा आणि माशाचे डोके पानांच्या वर येऊ द्या. पन्नास पौंडी विणलेला दोरा ताणला जात नाही आणि कोवळे देठ कापत जातो, त्यासाठीच तो दिलेला आहे. तंगूस इथे रबरासारखा लांबतो आणि तेवढ्या अवकाशात मासा खाली जातो. गळ सरळ झाला म्हणता, म्हणजे तो बेडूक पातळ तारेचा आहे, तो बदला.

प्रतिसाद २

थर भेदण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो. ती होडीतून, जवळजवळ सरळ खाली सोडण्यासाठी आहे. काठावरून दोरा तिरका येतो, त्यामुळे वजन थरातून वर येताना मुळांचा गुच्छ घेऊनच येणार. दोष तुमचा नाही.

दुपारविषयी म्हणाल तर, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला सुमारे साडेसात. बास त्यामुळे सावली आणि हिरव्या वनस्पतींच्या कडा शोधतो. मरळीला ती अडचण नाही, पण श्वासासाठी वर यावेच लागते आणि गच्च थरात ते सोपे नसते. म्हणून थराच्या मधोमध न फेकता, ताटलीएवढ्या ज्या मोकळ्या जागा असतात तिथे दहा मिनिटे नुसते बसून पाहा. रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मरळी वारंवार वर येतात. बुडबुडा किंवा हलकी लाट दिसली ती जागा लक्षात ठेवा. बेडूक त्या जागेच्या पलीकडे टाकून पानांवरून ओढत आणा आणि मोकळ्या पाण्याच्या कडेला थांबवा.

एक विनंती आहे. पाऊस सुरू झाल्यावर पृष्ठावर तांबूस-नारिंगी पिलांचा पुंजका दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. पिले राखणारी जोडी रागाने हमखास झडप घालते, पण ती काढली की सबंध पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.

तापीकाठ (धागाकर्ता)

दोघांचे मनापासून आभार. काल पहाटे साडेपाच ते आठ बसलो. गळ किंचित वाकवले, झालर कापली आणि पहिला अर्धा तास काहीही न फेकता पाहत राहिलो. कमळांच्या कडेला तीन जागा पक्क्या झाल्या. पाच झडपा आल्या, तीन मरळी काठावर आल्या. एकदा सवयीने हात लवकर उचलला गेला आणि बेडूक पुन्हा त्याच बाभळीत गेला. दोन मरळी परत सोडल्या, एक संस्थेच्या राखणदाराने मागून घेतली.

पाणकणसाच्या काठाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तिथे बुडबुडे सर्वांत जास्त दिसतात, परंतु उभ्या दांड्यांमधून बेडूक आडवा ओढता येत नाही आणि दोरा दांड्यांना विळखा घालतो. दांड्यांच्या रांगेला समांतर फेकायला काठावर जागाच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरून कोणी हे केले असल्यास, खाली गाळ किती धरतो आणि पायांत काय घालावे, ते सांगावे.