धुळ्याच्या वेलिंग्टनला उत्तर

नाना, "जळगावचा नेपोलियन नुसती केळी मोजतो" हे तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं वाचून सगळे हसले, मीही हसलो. पण भो, तुम्ही धुळ्याचे वेलिंग्टन ना? मग आपल्या लढाईच्या खेळात दर डावात टेकडीच्या पलीकडच्या उतारावर पलटणी निजवून किती बसाल? नेपोलियनला हरवणाऱ्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनला वॉटर्लूला ते जमलं, कारण त्याचा दोस्त सेनापती ब्ल्यूशर प्रशियन फौज घेऊन वेळेत पोचला. तुमचा प्रशिया म्हणजे भुसावळचे आबा. ते आपली चाल खेळायलाच विसरतात!

खरा वेलिंग्टन तर आपल्या शेजारीच लढून गेला. भोकरदनजवळ असई, २३ सप्टेंबर १८०३. समोर शिंदे-भोसल्यांची कितीतरी मोठी फौज, तरी गडी केळणा नदी ओलांडून थेट अंगावर गेला. शिंद्यांच्या तोफांनी त्याला चांगलंच सोललं, दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली. तरी म्हातारपणीही तो हीच आपली सर्वांत सरस लढाई मानायचा. तसं खेळा की कधी.

आणि घोडदळ अडवायला पायदळाचे चौकोन रचून बसणार असाल तर खुशाल बसा. नेपोलियनचा सेनापती ‘ने’ यानं वॉटर्लूवर नुसते घोडे घातले, माझ्या घोडदळामागे तोफा असतील. शनिवारी रात्री या. हरेल त्याच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी, तेलात कंजुषी चालणार नाही.