बंदुकीविषयी लिहिणे ही निर्यात ठरते का?

प्रश्न (खानापूर): रानडुकरांपासून उसाची राखण करण्यासाठी आमच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे. तिच्या चापाची स्प्रिंग कशी बदलावी, हे मी इंटरनेटवर लिहिले, तर निर्यातीचे नियम आड येतील का? अमेरिकेत २०१३ साली थ्रीडी छपाईच्या पिस्तुलाचे आराखडे याच कारणावरून काढायला लावले होते.

उत्तर (निपाणी): परदेशी माणसाला आराखडे मिळू शकतात, म्हणून ते इंटरनेटवर ठेवणे हीच निर्यात, असे तेथील परराष्ट्र खात्याचे म्हणणे होते. आपल्याकडे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या व तंत्रज्ञानाच्या ‘स्कोमेट’ यादीतही शस्त्रांचे तंत्रज्ञान येते. मात्र आधीच सार्वजनिक असलेली माहिती तिच्यातून वगळलेली आहे.

उत्तर (बेळगाव): शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार इतरांची बंदूक व्यवसाय म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मत मांडण्याचा हक्क राज्यघटनेचा अनुच्छेद १९ देतो आणि तो आपण जपलाच पाहिजे. पण कृती सांगण्यापूर्वी वकिलांना अवश्य विचारावे.