मदत हवी आहे: घरासाठी लहान स्लॉट कार सेट, १:६४ घेऊ, १:४३ की १:३२?

ओवीची आई:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. लेक आठ वर्षांची आहे. माझे वडील सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सध्या चार वाजताच अंधारून येतं, दोघंही घरातच. आजोबांशी खेळायचे तिचे हे सहाच महिने आहेत, म्हणून दोघांना मिळून खेळता येईल असं काहीतरी आणायचंय. ओवीने मैत्रिणीच्या वाढदिवसाला स्लॉट कार (ट्रॅकच्या खाचेत धावणाऱ्या, खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांवरून वीज घेणाऱ्या छोट्या गाड्या) पाहिल्या, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही.

मी घाईघाईत एक स्वस्तातला सेट मागवला होता. दोन दिवस बरा चालला, मग गाडी दर फेरीला एकाच सांध्यावर अडायला लागली. आबांनी दिवा मालवला, गालिच्यावर गाल टेकून आडवे झाले आणि म्हणाले, "चालव गं." सांध्यापाशी बारीक निळी ठिणगी उडाली. "बघ, पट्टीला पट्टी भिडत नाहीये." कागदाची घडी खाली सरकवली की चालायचं. पण आम्हाला रोज रात्री ट्रॅक उचलावा लागतो. चौथ्या दिवशी जोडणीची खुंटीच तुटली. ओवी काही बोलली नाही, गाडी उशाशी घेऊन झोपली. मला फार वाईट वाटलं.

आता नीट विचारून घ्यायचंय. न्यू जर्सीचा आतेभाऊ त्याच्याकडचा एएफएक्स कंपनीचा एचओ सेट (म्हणजे १:६४, खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढा) फुकट पाठवतो म्हणतोय. ऑफिसातली जर्मन मैत्रीण म्हणते १:४३ मधला कॅरेरा गो घे. इथल्या दुकानात सगळे १:३२ चा स्केलेक्स्ट्रिक दाखवतात. सोफा सरकवला की दोन मीटर बाय एक मीटर जागा मोकळी होते. दोन वर्षांनी पुण्याला परत जाणार आहोत, सेटही नेणार. आबांचा उजवा अंगठा मुळाशी दुखतो, बाकी हात पक्के आहेत.

गॅरेजवाला:
ताई, फुकटचा सेट आधी बाजूला ठेवा. अमेरिकेतला अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असेल. इंग्लंडमध्ये आणि पुण्यात २३०. पिन बदलायचा सॉकेट लावला तर पिन बसते, व्होल्टेज तेवढंच राहतं, आणि अडॅप्टर जळतो. अडॅप्टरवर 'इनपुट' पुढे काय छापलंय त्याचा फोटो मागवा. शिवाय एचओची गाडी बोटभर लांब, पोटात तगडं चुंबक, आणि वेग असा की नजर ठरत नाही. मला स्वतःला एचओ फार आवडतो, पण आठ वर्षांच्या मुलीचा पहिला सेट म्हणून नाही सुचवणार.

कॅरेरा गो तुमच्या जागेत आरामात बसेल. सरळ तुकडा ३४.२ सेंटीमीटरचा, १४.८ व्होल्टवर चालतो, वळणं आटोपशीर. मात्र बॅटरीवरचा घेऊ नका. सेल उतरले की गाड्या मंदावतात आणि मुलांचा विरस होतो.

निळी सायकल:
अंगठ्याचं लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या मते निर्णय तिथेच होतो. गोचा कंट्रोलर मुठीत धरून वरचा दट्ट्या अंगठ्याने दाबायचा असतो, पूर्ण शर्यतभर. आबांना ते जड जाईल. स्केलेक्स्ट्रिकला पिस्तुलासारखा चाप आहे, तो पहिल्या बोटाने ओढायचा. घेण्याआधी दोन्ही हातात धरून बघू द्या त्यांना.

जागेचं म्हणाल तर स्केलेक्स्ट्रिकचा सरळ तुकडा ३५ सेंटीमीटरचा. सेटमध्ये नेहमी येणाऱ्या मधल्या मापाच्या वळणांनी गाडी पूर्ण उलटी फिरवायला साधारण ९० सेंटीमीटर रुंदी लागते. म्हणजे मीटरभर रुंदीत बसतं, पण गाडी उडून पडायला कडेला फारशी जागा राहत नाही. कॅरेराचा १:३२ चा ट्रॅक मात्र जास्त रुंद असतो, तो तुम्हाला अडचणीचा होईल.

साधा लंबगोल घेऊ नका, इंग्रजी आठच्या आकाराचा घ्या. लंबगोलात आतली खाच कायम आखूडच राहते, त्यामुळे आतली गाडी कोणाची यावरून रोज रुसवे होतात. आठमध्ये एका वळणावर आत असलेली गाडी पुढच्या वळणावर बाहेर जाते. दोघांना सारखंच अंतर.

आणि गालिच्यावर मांडू नका! लोकरीचे तंतू आसात गुंडाळले जातात, पट्ट्यांवरून वीज घेणाऱ्या गाडीखालच्या तांब्याच्या वेण्यांतही अडकतात. खाली पातळ प्लायवुड टाका. त्या वेण्या सुट्या मिळतात, पुढची खाचेत बसणारी जीभही बदलता येते. एसटीतल्या मेकॅनिकला हे काम आवडेलच. फ्रेड फ्रान्सिस आधी चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायचा, त्यातच विजेची मोटर घालून त्याने १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक आणलं. आबांना सांगा हे.

ओवीची आई:
दोघांचे मनापासून आभार. काल ओवीच्या मैत्रिणीकडे जाऊन आलो. आबांनी चाप ओढून पाहिला, दहाएक फेऱ्या मारल्या, म्हणाले, "इथं अंगठ्याला काही कामच नाही." घरी येऊन दोघांनी प्लायवुडच्या मापाची वर्तमानपत्रं हॉलमध्ये अंथरली, बसतंय सगळं. स्केलेक्स्ट्रिकचा आठवालाच घेतेय. जास्तीचे सरळ तुकडे कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) स्वस्त मिळतात, ते घेतले तर चालतील का?

निळी सायकल:
चालतील, पण टोकं बघून घ्या. जुन्या क्लासिक ट्रॅकची जोडणी वेगळी आहे, ती आताच्या स्पोर्ट ट्रॅकला थेट लागत नाही. मध्ये बदलाचा एक खास तुकडा लागतो. पट्ट्या पोलादी असतात, गंजाचे डाग खोल दिसले तर घेऊ नका. आबांना सोबत न्या, त्यांना बोट फिरवताच कळेल.